मु. पो. ईको

काकूंकडे हळद मागायला जाऊ नये. त्या देत नाहीत असं नाही. उलट आपण 'राहू दे, राहू दे' म्हणेपर्यंत त्यांच्या पायात चपला असतात. पण हळद घरात नसते. "गाडीत आहे रे, आणते हं," म्हणून त्या लिफ्टचं बटण दाबतात. आम्ही चौदाव्या मजल्यावर, गाडी खाली स्टिल्टमध्ये, आणि खारघरमधल्या टॉवरांच्या रिवाजाप्रमाणे दोनपैकी एक लिफ्ट कायम बंद. फोडणी तोवर काळी पडते. काकू वर येतात तेव्हा हातात हळदीबरोबर हिंग, कात्री, थर्मामीटर आणि काकांचं पॅनकार्ड असतं. "बरं झालं तू आलास. हे सगळं राहूनच गेलं होतं." मागे एकदा टीव्हीचा रिमोटही तिथेच सापडला. टीव्ही वर, रिमोट खाली. तो गाडीत गेला कसा हे दोघांनाही सांगता येईना, आणि तो घरात नाही हेही कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं.

निवृत्त माणसांचे जे प्रकार आपल्याला ठाऊक असतात, त्यात ही जोडी बसत नाही. हास्यक्लबात हात वर करून हसणारे असतात. सकाळी सव्वानऊला शेअर बाजार उघडायच्या आत आंघोळ उरकणारे असतात. नातवाला स्कूलबसवर सोडून बस दिसेनाशी होईपर्यंत हात हलवणारे असतात. पर्यटन कंपनीची टोपी घालून सिंगापूर करून येणारे आणि मग वर्षभर ती टोपी घालून भाजी आणणारेही असतात. काका-काकू यांतले कुणी नाहीत. त्यांनी बँकेतली नोकरी आणि डोंबिवलीतला संसार संपल्यावर एक ईको घेतली आणि ते तिच्यात राहायला लागले. मध्ये मध्ये आमच्या सोसायटीत येतात. येतात म्हणजे मुक्कामाला येतात.

गाडी पांढरी, नंबर अजून एमएच ०५. मागे प्लायवूडची फळी, तिला घडीचे पाय, वर कापसाची गादी. "फेरफार नाही हां केलेला," काका न विचारता सांगतात. "फळी उचलली की गाडी कंपनीतून आल्यासारखी. हा बदल नव्हे, ही व्यवस्था आहे." परवानगीशिवाय गाडीच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, हे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यांना पाठ आहे, आणि आपली फळी त्या कलमाला वळसा घालून कशी जाते हेही. फळीखाली दोन लिटरचा कुकर, पाच किलोचा छोटा सिलिंडर, भाजणी, मेतकूट, गुळपापडीचा डबा, ताडपत्री आणि न संपणारी सुतळी. डॅशबोर्डवर गजानन महाराज. मागच्या खिडकीशी तुळशीची कुंडी, दोन्ही बाजूंनी सुतळीने आवळलेली. प्रवासाला निघताना किल्ली आमच्याकडे देतात तेव्हा काकू सांगतात, "तुळस नेतेय. मनीप्लँट तेवढा तुमच्यावर." म्हणजे घरी काय सोडायचं आणि बरोबर काय न्यायचं, याचा निर्णय त्यांनी केव्हाच घेतलेला आहे.

हे वेड आलं अमेरिकेतून. मुलगा न्यू जर्सीला. सहा महिने तिकडे जाऊन लोक काजू-बदाम आणि गुडघेदुखीचं मलम आणतात. काका एक कल्पना घेऊन आले. तिकडे त्यांनी आरव्ही पाहिल्या. चाकांवरचं अख्खं घर, आत पलंग, ओटा, फ्रिज, बाथरूम. घरदार विकून कायमचे त्यातच राहणारे म्हातारा-म्हातारी पाहिले. हिवाळ्यात दक्षिणेला, उन्हाळ्यात उत्तरेला, आणि वाटेत कित्येक ठिकाणी वॉलमार्टच्या आवारात रात्री गाडी लावली तरी कुणी हटकत नाही. काका त्या आवारात तासभर उभे होते म्हणे. सून आत खरेदी करत होती.

परत आल्यावर त्यांनी काकूंपुढे सगळा बेत मांडला. काकूंनी शांतपणे ऐकून घेतला आणि एकच प्रश्न विचारला, "आणि बाथरूमचं काय?"

या प्रश्नावर मोठमोठी धोरणं अडकतात. २०२१ साली राज्य सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्याचं कात्रण काकांनी जपून ठेवलंय. पण कॅरॅव्हॅन पार्क होतील तेव्हा होतील. तोवर ईकोत काही बाथरूम बसत नाही. अखेर तह झाला. रात्रीचा मुक्काम अशाच जागी, जिथलं बाथरूम काकू आधी स्वतः जाऊन बघतील. त्या बघून येईपर्यंत काकांनी इंजिन बंद करायचं नाही. तेव्हापासून या जोडप्याचा भारत हा किल्ले, लेणी, समुद्रकिनारे यांचा बनलेला नाही. तो पेट्रोलपंप, भक्तनिवास आणि बरे ढाबे यांचा बनलेला आहे. काकूंकडे वही आहे. तीत गावाचं नाव, कडी आहे की नाही, पाणी कितीला जातं आणि मावशी स्वभावाने कशी, एवढ्या नोंदी. शेगावच्या भक्तनिवासाला दहापैकी दहा, पुढे 'शिस्त!' असं उद्गारचिन्हासकट. एका फार गाजलेल्या थंड हवेच्या ठिकाणासमोर नुसती फुली. मी म्हटलं, "काकू, हे छापा." त्या म्हणाल्या, "छापलं की गर्दी होईल."

काकांचे धाकटे बंधू दर गणपतीत वाद घालतात. "अरे, एसटीला पासष्टीनंतर अर्धं तिकीट, पंचाहत्तरीनंतर फुकट. वहिनींना तर बायकांची सवलत वेगळी आहेच. कशाला पेट्रोल जाळतोस?" काकांचं उत्तर तयार असतं. "एसटी विनंती थांब्यावर थांबते. मी हिच्या विनंतीवर थांबतो." वाद तिथेच संपतो, कारण काकू ताबडतोब काहीतरी विनंती करतात.

आता घराचं. डोंबिवलीचा फ्लॅट विकून खारघरला नवा बुक केला आणि पझेशन लांबलं. लांबायचंच. या शहरात आलेल्या प्रत्येक कुटुंबाच्या इतिहासात 'पझेशन लांबलं तेव्हा' नावाचं एक पर्व असतं. लोक ते पर्व भाड्याच्या वन बीएचकेत, खोक्यांवर बसून काढतात. काकांनी हिशेब मांडला: महिन्याचं भाडं भागिले पेट्रोलचा लिटर, गुणिले अ‍ॅव्हरेज. "भाड्याच्या पैशांत माणूस दर महिन्याला रामेश्वर गाठतो," असा निष्कर्ष निघाला आणि फर्निचर बहिणीच्या गॅरेजमध्ये टाकून ती दोघं निघाली. मुलाने न्यू जर्सीहून कपाळाला हात लावला. हे त्याने व्हिडिओ कॉलवर लावल्यामुळे सगळ्यांनी पाहिलं.

फ्लॅट पसंत कसा केला, ती कथा एजंट अजून सांगतो. तो बिचारा मास्टर बेडरूम दाखवत होता, क्रॉस व्हेंटिलेशन समजावत होता, पावसाळ्यात इथून पांडवकड्याचा डोंगर कसा हिरवा दिसतो ते सांगत होता. काकांनी विचारलं, "कळंबोली सर्कलपर्यंत सिग्नल किती?" माणसं घर घेताना स्टेशन बघतात, शाळा बघतात, हॉस्पिटल बघतात. यांनी घर घेताना बाहेर पडायची वाट बघितली. कळंबोलीहून पुण्याचा द्रुतगती मार्ग सुटतो, जुना हायवेही तिकडूनच, पळस्प्याला गोव्याचा फाटा, मागे मुंब्र्याकडून नाशिक आणि गुजरात. अटल सेतू झाल्यापासून शिवडीही हाकेच्या अंतरावर. "१९७० साली सिडको निघाली, म्हणजे हे शहर वयाने माझ्यापेक्षा लहान," काका म्हणतात, "पण पोर हुशार निघालं. कुठूनही निघता येतं." ८ ऑक्टोबर २०२५ला विमानतळाचं उद्घाटन झालं तेव्हा सोसायटीत पेढे वाटले गेले, कारण रेट वाढणार. काकांनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, "विमानात पाय लांब करता येत नाहीत."

वास्तुशांत मात्र साग्रसंगीत झाली. गुरुजींनी बजावलं, आज रात्री घर रिकामं ठेवू नका, इथेच झोपा. सगळी पाहुणेमंडळी पांगली, नव्या पलंगावर नव्या चादरी पडल्या, आणि काकांना झोप येईना. बारा वाजले, एक वाजला. "अगं, छत फार लांब आहे," ते म्हणाले. काकूही जाग्याच होत्या. दीड वाजता दोघं उशा काखोटीला मारून लिफ्टने खाली आली आणि ईकोत निवांत झोपली. साडेचारला वॉचमनने टॉर्च मारला. पाचच्या आत ती वर पोहोचली होती, वास्तुपुरुषाला कळू नये म्हणून. वॉचमनला मात्र कळलं, आणि वॉचमनला कळलं ते आठ वाजेपर्यंत ग्रुपवर आलं.

तिथून सोसायटी आणि काका यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. पहिली नोटीस: 'पार्किंगमध्ये वाहनात झोपू नये.' काकांनी लेखी विचारलं की वाहनात बसण्यास मनाई आहे काय, आणि बसलेल्या सभासदास डुलकी लागल्यास जबाबदारी कोणाची. दुसरी नोटीस: 'पार्किंगमध्ये स्वयंपाक करू नये.' उत्तर: 'चहा हा स्वयंपाक नव्हे.' वार्षिक सभेत हा विषय आठव्या क्रमांकावर होता आणि गळक्या टाकीच्या आधी त्यावरच पाऊण तास गेला. शेवटी सेक्रेटरींनी काकूंच्या हातचा चहा तिथेच, पुरावा म्हणून, घेतला. विषय पुढल्या सभेवर ढकलला. माझ्या माहितीप्रमाणे सेक्रेटरी अजूनही अधूनमधून पहाटे पुरावा गोळा करायला खाली जातात.

घरातही गाडीचेच कायदे. सिडकोच्या नळाला धो धो पाणी असताना काका दोन तांब्यांत आंघोळ उरकतात. सुताराला सांगून सगळं घडीचं करून घेतलंय. टेबल भिंतीत जातं, पाट दाराआड जातात, इस्त्रीची फळी उघडली की बाहेरचं दार उघडत नाही. तीन खोल्यांच्या घरात वस्तू ठेवायला जागा नाही अशी त्यांची तक्रार असते, आणि खोल्या रिकाम्या. रात्री काका फेरी मारतात: गॅस, खिडक्या, नळ, मग किल्ल्या उशाखाली. कुठेही जायचं असलं तरी 'साडेपाचला चाक हललं पाहिजे'. एकदा लग्नाला निघायचं होतं, वाशीला. मुहूर्त बारा पस्तीसचा. ही दोघं साडेसहाला हॉलवर पोहोचली. मांडववाल्यांनी त्यांना केटरर समजून भाज्या कुठे उतरवायच्या ते विचारलं.

काकूंची ड्यूटी डाव्या खिडकीची. गाडी वळताना त्या मान बाहेर काढून "लेफ्ट क्लिअर!" म्हणतात. ही सवय इतकी हाडीमाशी खिळलीय की त्या लिफ्टमधून बाहेर पडतानाही म्हणतात, देवळात प्रदक्षिणा घालतानाही म्हणतात. त्यांचं दुसरं पालुपद म्हणजे "पाणी भरलंय का?" हे केव्हाही, कुणालाही. मी ऑफिसला निघताना जिन्यात भेटलो तरी मला विचारतात.

नकाशावर दोघांचाही विश्वास नाही. काकूंची पद्धत अशी की वाटेत तीन माणसांना रस्ता विचारायचा आणि दोघं सांगतील ते खरं धरायचं. त्यातला एक तरी पानटपरीवरचा वयस्क गृहस्थ हवा. लोकशाहीमुळे ती दोघं कोल्हापूरला जाताना दोनदा निपाणीला पोहोचली आहेत, पण त्यांना त्याचं दुःख नाही. द्रुतगती मार्गापेक्षा काकांना बोरघाटातला जुना रस्ता प्रिय. गाडी साठच्या पुढे जात नाही. म्हणजे जाते, काका नेत नाहीत. घाटात शिंग्रोबाच्या देवळाशी थांबून ते नाणं टाकतात. इंग्रजांना या घाटाची वाट ज्या धनगराने दाखवली म्हणतात, त्याचं हे देऊळ. "फास्टॅगच्या जमान्यात हाताने टोल घेणारा हा एकच राहिला," काका म्हणतात. "आणि रस्ता याने खरंच दाखवला होता." कोकणात जायचं तर २०११ पासून चौपदरी होत असलेल्या महामार्गाला हात जोडून ती किनाऱ्याकिनाऱ्याने जातात. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेसवी, दाभोळहून धोपावे, मग तवसाळहून जयगड. प्रत्येक खाडीला गाडी फेरीबोटीवर चढते. काका खाली उतरून कठड्याशी फोटो काढतात. काकू सीटबेल्ट लावून गाडीतच बसतात. बोट चालू असताना कुणीतरी गाडीत असलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं.

नातेवाइकांना ही जोडी म्हणजे संकट. सांगलीच्या वहिनींकडे गेले, जेवले, आणि झोपायच्या वेळी म्हणाले, "आम्ही आपले गाडीत." वहिनींनी आधी विनवण्या केल्या, मग डोळ्यांना पदर लावला. "अहो, गल्ली काय म्हणेल? दिराला घरात घेत नाही म्हणेल!" म्हणायचं ते गल्लीने म्हटलंच, पण आधी ती रांग लावून गाडी बघून गेली. एका आजींनी फळीवर आडवं पडून पाहिलं. वहिनींचा राग अजून गेलेला नाही. कारण काकू वहीत त्यांच्याही बाथरूमला गुण देऊन आल्या, आणि ते दहापैकी सातच होते.

नोव्हेंबर आला की पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. नोव्हेंबर हाच हिंडायचा महिना, त्यामुळे हे नेहमी परमुलखातच हयात असतात. एकदा विजापूरला असताना आठवण झाली. स्टो, स्क्रू आणि पाना यांच्यामुळे काकांच्या अंगठ्याच्या रेषा पार गेलेल्या, ठसा उमटेना. मग मोबाइलवर चेहरा दाखवायचा ठरलं. गोलघुमटाच्या हिरवळीवर काका उभे, काकू फोन धरून समोर. अ‍ॅप म्हणतंय डोळे मिचकावा, आणि काका फोटो काढायचा म्हणून डोळे ताणून स्थिर. "अहो मिचकावा!" काकू ओरडल्या. भोवती शाळेची सहल होती. ती सगळी मिचकवायला लागली. शेवटी सरकारदरबारी काका जिवंत ठरले आणि दोघं घुमटाच्या कुजबुजत्या सज्ज्यात चढून गेली. तिथे भिंतीशी पुटपुटलेलं पलीकडच्या टोकाला स्पष्ट ऐकू येतं. लोक तिथे एकमेकांची नावं घेतात, शिट्ट्या मारतात. काकू एका टोकाला गेल्या, काका दुसऱ्या. आदिलशाहीच्या त्या अजस्र घुमटात, जमिनीपासून इतक्या उंचावर, काकूंनी भिंतीला तोंड लावून विचारलं, "पाणी भरलंय का?" घुमटाने ते कितीतरी वेळा विचारलं.

मला या दोघांचा कधीकधी राग येतो. ती नसताना त्यांचं कुरिअर मी घेतो, त्यांचा मनीप्लँट मी जगवतो, आणि रोज संध्याकाळी मला मेसेज येतो: 'मुक्काम पंढरपूर. अ‍ॅव्हरेज १५.२. तू कसा?' यातल्या शेवटच्या प्रश्नाला आकडा कुठला द्यायचा, कळत नाही. पण त्यांच्या घरी गेलं की एक गोष्ट दिसते आणि राग विरतो. मुलाने ऑनलाइन मागवून दिलेल्या चार माणसांच्या टेबलाशी ती समोरासमोर बसत नाहीत. एकाच बाजूला बसतात, काका उजवीकडे, काकू डावीकडे. बाल्कनीतही तशाच दोन खुर्च्या, शेजारी शेजारी, लांबवरच्या मुंब्रा रस्त्यावरच्या ट्रकांकडे तोंड करून. बँकेच्या नोकरीत सकाळी सात वीसची लोकल आणि रात्री नऊचं ताट, यात समोरासमोर बसून बोलायची सवयच लागली नसावी. शेजारी बसून, रस्त्याकडे बघत ती दोघं जे बोलत राहतात, त्याला अंत नसतो. नणंदेचं लग्न, एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीची न मिळालेली बढती, कालची आमटी. पाहुणा समोर बसला की त्याला गाडीची पुढची काच झाल्यासारखं वाटतं. दोघंही त्याच्या आरपार पलीकडे बघत बोलत असतात.

अलीकडे एक नवीन भानगड झालीय. काकांच्या लायसन्सची मुदत संपली. डॉक्टरचा दाखला, पनवेल आरटीओची रांग, सगळं रीतसर होऊन ते मिळालंही. पण या वयात एका वेळी पाचच वर्षांचं मिळतं. काका कार्डावरची तारीख बघत बसले. चहा निवला. काकूंनी दोन दिवस हे पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी स्वतःचं लर्निंग लायसन्स काढून आणलं. "तुमचं संपलं की माझं चालू," एवढंच म्हणाल्या.

आता रोज पहाटे ईकोला पुढेमागे लाल 'एल' लागतं आणि ती सेंट्रल पार्ककडच्या रुंद रस्त्यावर निघते, जिथे अर्धं खारघर गाडी शिकतं. काकू गाडी उत्तम चालवतात. इतकी वर्षं शेजारी बसून त्यांनी काकांच्या सगळ्या चुका पाठ केल्या होत्या. त्या त्या करत नाहीत. पंचाईत आहे काकांची. त्यांना डावीकडे बसता येत नाही. नसलेला ब्रेक दाबून दाबून त्यांच्या पायात गोळे येतात. वळण आलं की बोलायचं विसरतात, आणि पाण्याची बाटली तर वरच राहते. परवा मी दूध आणायला खाली उतरलो होतो. ईको गेटपाशी थांबलेली, वॉचमन दांडा वर करून उभा, काकूंचे दोन्ही हात स्टिअरिंगवर.

"अहो, लेफ्ट?"

काकांनी मान वळवून उजवीकडे नीट पाहिलं. "क्लिअर."

वॉचमनने उडी मारली.